फोटोखाली नाव कुणाचं?



गेल्या पावसाळ्यात माझा मेलेला मामा मला फोर्टातल्या एका गॅलरीत भेटला.

पहिली पाळी सुटली होती. ग्रीन गेटातून बाहेर पडलो, बॅलार्ड पियर मागं टाकलं आणि पावसानं असं झोडपायला घेतलं की समोर दिसलं त्या दारात घुसलो. काचेचं दार. वॉचमननं आधी माझे बूट बघितले, मग तोंड बघितलं, मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "जा आत, तिकीट नाय." तोही ठेकेदाराचा, मीही ठेकेदाराचा. एवढी ओळख पुरली.

आत पांढऱ्याफेक भिंती नि अंगावर काटा आणणारा एसी. आणि भिंतींवर आम्हीच. क्रेना, साखळ्या, गंजलेल्या जहाजांची पोटं आणि माणसांच्या पाठी. बघत बघत कोपऱ्यात आलो आणि पाय जागीच रुतले. अडीच-तीन फुटांचा काळापांढरा फोटो. खांद्यावर हूक टाकलेला माणूस, मान तिरकी, डाव्या कानामागं चामखीळ. माझा सख्खा मामा. दोन वर्षांपूर्वी दम्यानं गेलेला.

फोटोखाली इंग्रजीत एक ओळ. गोदी कामगार, मुंबई. तिच्यावर फोटो काढणाऱ्याचं नाव, ठसठशीत. टेबलावर किमतींचा कागद. आकडा लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही मामाला विसराल आणि आकडा धरून बसाल. एवढंच सांगतो, मामाच्या दीड वर्षाच्या हजेरीत तो बसला नसता. टेबलामागच्या बाईंना म्हणलं, "हा माझा मामा आहे. ह्याची एक कॉपी मिळंल काय?" बाई म्हणाल्या, "हाऊ इंटरेस्टिंग!" मग म्हणाल्या, एडिशन पाचाचीच आहे, दोन गेल्या.

पाच मामा. दोन विकले गेले.

मामाच्या जलदान विधीला आमच्याकडं त्याचा एक धड फोटो नव्हता. गेटपासावरचा टिकलीएवढा चेहरा स्टुडिओतून वाढवून आणला तर तो मामा वाटेना, पाण्यात बुडालेला कुणी माणूस वाटला. त्याच्यापुढं मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि मोकळे झालो. आणि ह्याच देशात कुठल्या तरी दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, माझा मामा हूक खांद्यावर टाकून झगझगीत उभा आहे. त्याच्याखाली बसून चहा पिणाऱ्यांना तो कोण, कुठला, कशानं मेला, काही ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची गरजही नाही. सोफ्याला शोभला म्हणजे झालं.

मामीला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आरं, मंग घिऊन का न्हाई आलास त्यास्नी?"

मामाचं नाव मी ह्या लेखात लिहिलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. मामीनंच अडवलं. म्हणाली, नाव आधी त्या फोटुखाली लागू दे, मंग तुझ्या कागदात.

ही हकिकत आपल्या बैठकीत सांगितली तेव्हा दोघेतिघे उसळले. एक म्हणाला, गॅलरीवर मोर्चा नेऊ. दुसरा म्हणाला, चित्रं-फोटो हे शेटजींच्या भिंतीचे चोचले, आपल्याला काय त्याचं? आपल्याला पोस्टर पाहिजे, निळा रंग पाहिजे, वळलेली मूठ पाहिजे, बास. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू, तोवर मीही ह्याच मताचा होतो. कविता आपली, पोवाडा आपला, जलसा आपला, चित्रकला त्यांची. हे वाटणीपत्र सवर्णांनी लिहिलं आणि त्याच्यावर अंगठा आपण उठवला.

कोपऱ्यात आमच्या वस्तीतला पेंटरदादा बसला होता. जयंतीचे बोर्ड रंगवणारा. फ्लेक्स आल्यापासून त्याचा ब्रश वाळला, आता रिक्षा चालवतो. त्यानं एकच विचारलं, "फोटो कसा होता?"

मी म्हणलं, "कसा म्हंजे?"

"चांगला होता का वाईट?"

आयला! इथंच तर घोडं पेंड खातंय. फोटो चांगला होता. लई चांगला होता. मामाच्या मानेवर घामाची एक रेघ होती आणि तिच्यावर उजेड थांबला होता. चार वर्षं मी त्या माणसाच्या बाजूला राबलो, ती मान रोज बघितली, आणि ती रेघ मला कधी दिसली नाही. परक्याला दिसली. माझ्या खिशात कॅमेऱ्याचा फोन, फोनमध्ये माझे स्वतःचे तीनशे फोटो, गॉगल लावून, कंटेनरला टेकून, हिरोसारखे. मामाचा एक नाही. मग चोर तो एकटाच?

त्या दिवसापासून पेंटरदादा मला एकेक नाव द्यायचा नि मी रात्रपाळीत, ट्रक लागायच्या मधल्या वेळात, फोनच्या चार बोटं काचेवर ते शोधत बसायचो. इतक्या लहान काचेवर चित्र बघणं म्हणजे किल्लीच्या भोकातून घर बघणं. पण ज्यांनी आपल्यासाठी दार कधी उघडलंच नाही त्यांना हे सांगून काय उपयोग.

पहिलं नाव सुधारक ओलवे. १९८८ पासून मुंबईत वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारा हा माणूस महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागं वर्षानुवर्षं फिरला. २०१३ साली त्या फोटोंचं पुस्तक निघालं, २०१६ साली त्याला पद्मश्री मिळाली. ते फोटो बघा. काळ्या मैल्यात छातीपर्यंत गेलेला माणूस. अंग आणि मैला ह्यांच्यातली सीमा कुठली ते कळत नाही. मैला वाहण्याची बंदी करणारा एक कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. ह्या दोन कायद्यांच्या मधल्या काळात ह्या माणसाचा कॅमेरा गटाराच्या तोंडाशी उभा आहे आणि सांगतोय की तुमचा कायदा अजून इथवर उतरलेला नाही. आणि तो गटारापाशी थांबत नाही. कामगाराबरोबर त्याच्या घरात जातो. तिथं बायको आहे, पोरं आहेत, दारू आहे, भिंतीवर बाबासाहेब आहेत. गटारातला माणूस घरी कुणाचा तरी बाप असतो, एवढी साधी गोष्ट दाखवायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका दुपारचा पास काढून आलेल्याला ती दिसत नाही.

दुसरं नाव ऐकून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. एम. पलनी कुमार, तामिळनाडूत मदुराईकडचा. आई मासे विकणारी. २०१३ साली त्यानं पहिला कॅमेरा घेतला. सफाई कामगारांच्या मरणांवर 'कक्कूस' नावाचा माहितीपट २०१७ साली आला, त्याचं छायाचित्रण ह्याचं. २०२२ साली त्याला दयानिता सिंग-पारी पुरस्कार मिळाला. पारी म्हणजे ग्रामीण भारताचा तो फोटो-लेखांचा साठा, जो मराठीतही वाचायला मिळतो, वाचा. गटारात गुदमरून मेलेल्यांच्या घरी हा माणूस जातो. रडणाऱ्या बाईचा फोटो सगळेच काढतात हो, तो 'बातमी' म्हणून खपतो. हा मेलेल्याचं नाव लिहितो, त्याच्या बायकोचं म्हणणं लिहितो. आणि ह्यानं स्वतःच्या आईचे फोटो काढलेत. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात मासे विकणारी आई, वर्षानुवर्षं. मासेवाल्या आईत बघण्यासारखं काय असतं हे त्याला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. आता तो सफाई कामगारांच्या नि मासेमारांच्या पोरांच्या हातात कॅमेरा देऊन त्यांना शिकवतो. माझी आई रोज पहाटे चारला उठते. मी तिचा फोटो कधी काढला? तिच्या भाचीच्या लग्नात. उसनी साडी नेसली होती तेव्हा.

म्हणजे आपणही आपल्या माणसांना ती आहेत तशी फोटोलायक समजत नाही. हे बामणी सौंदर्यशास्त्र आपल्या डोळ्यांच्या बाहुलीत जाऊन बसलंय. गोरं ते देखणं, धुतलेलं ते देखणं, आणि आपल्या घरातलं ते झाकायचं.

ह्याच्या उलट एक दुसरी लबाडी आहे, ती जास्त धोक्याची. आपण दिसायचंच तर जखमी दिसलं पाहिजे ही बाजाराची अट. गटारात उतरा, रक्त काढा, उपाशी राहा, मग तुमचा फोटो चांगला. तुम्ही हसलात की फोटो 'कमकुवत'. म्हणून मला जयसिंग नागेश्वरन आवडतो. हाही मदुराईकडचा, वाडीपट्टीचा, कुठल्याही कलाशाळेत न गेलेला. त्याच्या आजीनं दलित पोरांसाठी शाळा काढली होती. लॉकडाऊनमध्ये तो गावच्या घरी परतला आणि घरच्यांचेच फोटो काढत बसला. पोरं, म्हातारी माणसं, खोलीत आलेलं ऊन. कोंडलेपण आहे, जातही आहे, पण छाती पिटणं नाही. आपल्या घरात ऊन येतं ही बातमी आहे काय? माझ्यासाठी आहे.

आणि आपली पुण्याची राज्यश्री गुडी, १९९०चा जन्म. तिनं आपल्या घरातले जेवतानाचे, सणासमारंभाचे फोटो मांडले. ताटं, केक, हसणारी तोंडं. ज्यांच्या अन्नावर हजारो वर्षं पहारा बसवला, शिळं खा, उष्टं खा, मेलेलं खा म्हणून सांगितलं, ती माणसं पोटभर जेवून कॅमेऱ्याकडं बघून हसतायत. ह्याहून मोठा शिव्याशाप मनूला मी तरी बघितला नाही. मनूवरून आठवलं, हीच बाई मनुस्मृतीच्या प्रती पाण्यात भिजवून त्यांचा लगदा करते आणि त्या लगद्यातून वस्तू घडवते. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी ती जाळली. ह्या पोरीनं ती कालवली. महाडात पाण्याचाच लढा होता, आठवतंय ना?

"ही काय कला झाली?" हा सवाल मी आतापासूनच ऐकतोय. हाच सवाल नागपूरच्या सवी सावरकरच्या चित्रांपुढंही विचारतात. (आडनावावरून बिचकू नका, माणूस आपला आहे.) १९६१चा जन्म, बडोद्याला छापचित्रकला शिकला, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. ह्याच्या चित्रांत गळ्यात मडकं नि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य आहे, देवदासी आहे, मनू आहे. रेघ अशी की नखानं ओरबाडल्यागत. पांढरपेशा समीक्षक म्हणतो, रेषा बटबटीत आहे, संयम नाही. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून माणसाच्या गळ्यात मडकं बांधणाऱ्यांचे वारस आम्हाला संयम शिकवतायत! गळ्यातलं मडकं नाजूक रेघेत काढायचं? त्याच्यावर वेलबुट्टी काढायची? रेघ जिथून येते तिथलाच तिचा पोत असतो. सावरकरची रेघ बटबटीत नाही, ती बरोब्बर तेवढीच जाड आहे जेवढी ती दोरी होती.

आता गावाचं बघा. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेनचं 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचं चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. तेरा तुकड्यांत भारताचं गाव. हुसेनचा मी दुस्वास करत नाही. तो ह्याच मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचा, आमच्या पेंटरदादाच्या जातकुळीतला. त्याच्याच प्रोग्रेसिव्ह टोळीतला के. एच. आरा आधी गाड्या धुवायचा. १९४७ सालची ती पोरं होती, आणि त्यातली काही पोटाला चिमटा घेऊन चितारणारी होती, हे विसरायचं नाही. माझा सवाल चितारणाऱ्याला नाहीच. माझा सवाल ११८ कोटींना आहे. पैसेवाल्याला गाव एवढं गोड का लागतं? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी ह्या गोड गावाचा बुरखा टराटरा फाडला होता. फाडलेल्या गावाचं चित्र कुणी मागतं का? गावकुसाबाहेरून काढलेल्या गावाची बोली कितीची लागते?

लागायला लागलीय म्हणा. आणि मला त्याचीही भीती वाटते. आपल्या विक्रोळीचा विक्रांत भिसे नामांतराची, पँथरची, आपल्या मोर्च्यांची चित्रं काढतो. प्रभाकर कांबळे मडक्यांची उतरंड उभी करतो, एकावर एक, खालच्याच्या डोक्यावर वरच्याचा भार, आणि समजणाऱ्याला बाबासाहेबांनी सांगितलेली उतरती विषमता समजते. अमोल पाटील, ज्याचा आजा पोवाडे लिहायचा, २०२२ साली जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटाला पोचला, मुंबईच्या चाळींचं नि सफाई कामगारांचं काम घेऊन. म्हणजे कासेलला ही पोरं माहीत आहेत, कन्नमवार नगरला नाहीत! ही लाज गॅलरीची का आपली? गॅलरीला आपला हंगाम आलाय, ती यंदा दलित मांडील, पुढल्या साली दुसरं काही मांडील. आंबा संपला की पेटी फेकतात. ह्या पोरांना पेटीत जाण्यापासून वाचवायचं असेल तर त्यांची चित्रं आपल्याला माहीत पाहिजेत, पाठ पाहिजेत, नाक्यावर त्यांच्यावर भांडणं झाली पाहिजेत. जशी कवितेवर होतात. कवितेसाठी एकमेकांची गचांडी धरणारे आपण, चित्रापुढं उभं राहिलो की पुतळे होतो.

काहीजण म्हणतील, आपल्या परंपरेत चित्र बघणं नव्हतंच. साफ खोटं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर जाऊन बघा. देशातलं सगळ्यात मोठं चित्रप्रदर्शन तिथं जमिनीवर मांडलेलं असतं, गोणपाटावर. निळ्या सुटातले बाबासाहेब, पुस्तक हातात घेतलेले बाबासाहेब, माईसाहेब, रमाई, बुद्ध. खेड्यातली म्हातारी शंभर तसबिरी उलटसुलट करून एक निवडते. "ह्यात डोळं बरं न्हाईत," म्हणून नऊ बाजूला सारते. ती काय करते? ती चित्र बघते! आर्ट समीक्षा करते, फुकटात. आणि खुद्द बाबासाहेब उतारवयात चित्रकला शिकत होते, त्यांनी बुद्ध काढला तो उघड्या डोळ्यांचा. आता बोला, चित्र कुणाचं?

तर मला काय हवंय ते सरळ लिहितो. आमच्यात येऊन फोटो काढायला माझी मनाई नाही. परक्यानं काढूच नये असं मी म्हणत नाही, मामाच्या मानेवरची रेघ परक्यानंच बघितली. पण ज्याचा फोटो त्याचं नाव विचार. एक प्रत त्याच्या घरी पोचव. विकलास तर त्याच्या घरच्याला कळव नि त्याचा वाटा दे. २०१७ साली ससून डॉकात ते मोठं कलाप्रदर्शन झालं तेव्हा तिथं राबणाऱ्यांचे चेहरे हे एवढाले करून तिथल्याच भिंतींवर चिकटवले होते. मी दहावी होऊन उंडारत होतो, बघायला गेलो. लोक आपला चेहरा हुडकत होते, एकमेकाला दाखवून हसत होते. बाकी प्रदर्शनातलं मला फारसं काही कळलं नाही, पण ते आठवतं. फोटो जिथून घेतला तिथं परत आला होता.

मामाचा फोटो काढणाऱ्याला मी पत्र धाडलं. माणूस सभ्य निघाला. उत्तर आलं, वाईट वाटलं म्हणाला, फाइल पाठवतो म्हणाला. मामाचं नाव काय ते विचारायला मात्र विसरला. त्याला चार महिने झाले. फाइल नाही. मी दुसरं पत्र लिहिणार नाही, आता मामी आणि मी जाणार आहोत, मामी नि तिच्या शेजारच्या दोघी.

यंदाच्या जयंतीला, १३ एप्रिलच्या संध्याकाळपासून, विहाराच्या बाहेरच्या कंपाउंडात दोऱ्या बांधतोय. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. त्यांच्यावर आपण काढलेले, आपल्या माणसांचे, कामावरचे नि घरातले फोटो लागतील. फोनवर काढलेले चालतील, दहा रुपयाला नाक्यावर प्रिंट निघते. गॉगलवाले आणू नका, माझ्याकडं तीनशे आहेत. मागं पेनानं नाव, काम आणि वस्ती लिहून आणा. चिमटे ज्याचे त्यानं आणायचे. पहिल्या दोरीवर मधली अडीच-तीन फूट जागा मोकळी राखलीय, तिथं कुणी लावू नये. तिच्याखालची नावाची पाटी पेंटरदादानं रंगवून ठेवलीय, मामीच्या घरी आहे.